चोच लाल होती

कंधारची ओळख सांगताना लोक आधी किल्ला सांगतात. राष्ट्रकूटांच्या काळातला भुईकोट, भोवती पाण्याचा खंदक. मला मात्र गाव म्हटले की जगत्तुंग समुद्र आठवतो. नावाला समुद्र, खरा तलावच. दिवाळी उलटली की त्याच्यावर बदके उतरायला लागतात आणि माझे रविवार तिकडे जातात. मी शाळेत विज्ञान शिकवतो. हिवाळ्यात पहाटे वही आणि दुर्बीण घेऊन काठावर बसायची सवय लागून आता बारा-तेरा वर्षे झाली. एवढ्या काळात चार दुर्बिणी हातांतून गेल्या, बंदुकीवर बसवायची एक नळीसुद्धा हाताळून झाली. पक्ष्यांचे मला अजून फार कळत नाही. काचेचे मात्र थोडेफार कळले, आणि तेही दर वेळी काहीतरी चुकल्यावर. ते इथे मांडतो. तुमच्याकडे दुर्बीण नसेल, दुसरे काही असेल. गोष्ट फार वेगळी असेल असे वाटत नाही.

१. खोक्यावरच्या आकड्याने डोळ्याला काहीच मिळत नाही, हे मला माळेगावच्या यात्रेत कळले.

मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडेबाजार पाहून परतताना एका पालात काळी, जडशी दुर्बीण दिसली. खोक्यावर ६०×९० छापले होते. साठ पट जवळ दिसणार म्हटल्यावर मी घासाघीस न करता पैसे मोजले. घरी येऊन कंपासपेटीतली पट्टी लावली, तर पुढची काच जेमतेम ३५ मिलिमीटर भरली. पहिला आकडा किती पट मोठे दिसते ते सांगतो, दुसरा पुढच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, एवढे मला शिकवण्यापुरते ठाऊक होते; विकत घेताना आठवले नाही. पुढे हिशेब नीट मांडला. ८×४२ ची दुर्बीण असेल तर ४२ ला ८ ने भागायचे. सव्वापाच मिलिमीटर जाडीचा उजेडाचा झोत डोळ्यात शिरतो. २०×५० असेल तर तोच झोत अडीच मिलिमीटर. भर दुपारी तेवढ्यावर भागते. पण बदके पाहायची वेळ पहाटेची, आणि तेव्हा बुबुळातली बाहुली चांगली उघडलेली असते. तिला जास्त उजेड हवा असतो. शिवाय पट वाढले की हाताचा कापही तेवढ्याच पटीने वाढतो. हातात धरून पाहायला आठ किंवा दहा पट पुष्कळ झाले. हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

२. वाईट काच आंधळे करत नाही, ती चुकीचे दाखवते. माझी सगळ्यात मोठी चूक यातूनच झाली.

त्या दुर्बिणीच्या पुढच्या काचा माणकासारख्या लाल चमकायच्या. मला ते भारी वाटायचे. एका जानेवारीत तलावाच्या पलीकडच्या अंगाला चाळीसेक बदकांचा थवा होता. डोके तांबूस, चोच काळपट. मी वहीत 'छोटी लालसरी, ४०' असे लिहिले आणि पक्षीगणनेला तसा आकडा पाठवूनही दिला. दोन दिवसांनी काठावर एक भोई मामा जाळे झटकत होते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून ते रोज त्या थव्याच्या बाजूने जातात. मी सहज पक्ष्याचे नाव सांगितले. ते म्हणाले, "काळी कुठली चोच, गुरुजी? लालभडक हाय की." मी थोडा वाद घातला. मग त्यांनी मला बांधावरून पार पलीकडे नेले, आणि तिथून नुसत्या डोळ्यांनी दिसले. चोच पोवळ्यासारखी लाल. ती मोठी लालसरी होती. लाल लेप दिलेली काच लाल उजेड बाहेरच परतवते, आत निळसर-हिरवट चित्र पाठवते. जो रंग पाहून पक्षी ओळखायचा, तोच रंग माझी दुर्बीण दारातून हाकलत होती. धूसर दिसले असते तर मी प्रश्नचिन्ह टाकले असते. दिसत होते स्पष्ट, म्हणून मी खात्रीने चुकलो.

३. दोन नळ्या असल्या तरी दृश्य एकच दिसले पाहिजे.

पुढची दुर्बीण जुनी, वापरलेली घेतली. तिच्यात रंग बरे दिसायचे. मात्र अर्ध्या तासाने कपाळ ठणकायला लागायचे. वाटले, चाळिशी आली, डोळे थकले. एकदा सातवीच्या मुलांना तलावावर नेले आणि दुर्बीण एकेकाच्या हातात दिली. एक पोरगा डोळे काढायलाच तयार नव्हता. म्हणाला, "सर, एकाचे दोन दिसलालेत!" बाकीची मुले हसली, पण तो बरोबर होता. दुर्बीण कधीतरी पडली होती आणि आतला एक लोलक जागेवरून हलला होता. दोन्ही नळ्या किंचित वेगवेगळ्या दिशांना पाहत होत्या. माझे डोळे गुपचूप ताण घेऊन ती दोन चित्रे एकावर एक बसवत होते, म्हणून मला दोन दिसत नव्हते, नुसते डोके दुखत होते. आता दुर्बीण हातात आली की मी आधी किल्ल्याच्या तटाच्या वरच्या कडेवर धरतो आणि मग ती डोळ्यांपासून हळूहळू वीतभर लांब नेतो. दोन्ही वर्तुळांत ती कड एका पातळीत राहिली तर ठीक. एकीकडे वर, एकीकडे खाली दिसली तर दुर्बीण कितीही स्वस्त मिळो, परत ठेवतो.

४. काचेला दोष देण्याआधी स्वतःचा हात तपासावा, हे सांगताना मला आजही अवघड वाटते.

तिसरी दुर्बीण एका स्नेह्याने वापरायला दिली होती. चांगली, नावाजलेल्या कंपनीची. वर्षभर मी तिला नावे ठेवली. उजवीकडचे चित्र कधी जुळायचेच नाही. परत करताना मी तोंडावर सांगितले की तुमची दुर्बीण बिघडलेली आहे. त्यांनी काही न बोलता उजव्या नेत्रिकेवरचे कडे फिरवले आणि माझ्या हातात दिली. समोरच्या बाभळीवरचे काटे मोजता आले. माणसाचे दोन्ही डोळे सारखे नसतात, म्हणून उजव्या बाजूला ते वेगळे कडे दिलेले असते. आधी उजवी काच झाकून मधल्या चाकाने डावा डोळा जुळवायचा, मग डावी झाकून फक्त ते कडे फिरवून उजवा. एकदाच करायचे काम. मी वर्षभर केले नव्हते, कारण विज्ञानाच्या शिक्षकाला दुर्बीण कशी वापरायची ते विचारायची गरज नसते, असे मी धरून चाललो होतो. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली. वर्गात आता प्रयोग फसला की मी मुलांना पहिल्यांदा विचारतो, उपकरण चुकले की आपण?

५. काचेला पाऊस बाहेरून लागत नाही, आतून लागतो.

मराठवाड्यात कोरड्या हवेची सवय असल्यामुळे बुरशीचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. जूनमध्ये दुर्बीण चामड्याच्या पिशवीत घालून लोखंडी कपाटात ठेवली, ती थेट ऑक्टोबरात काढली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरले होते. दुरुस्तीवाल्याने पुसून दिले, पण बुरशीने लेपावर ओढलेले ओरखडे राहिलेच. चामडे ओल धरून ठेवते, बंद कपाटात हवा खेळत नाही, आणि अंधार बुरशीला मानवतो. तेव्हापासून पिशवी वेगळी आणि दुर्बीण वेगळी ठेवतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, त्या मधूनमधून तव्यावर गरम करून कोरड्या करतो, आणि पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा दुर्बिणीला उजेड दाखवतो. चांगल्या दुर्बिणींत हवा काढून नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आत वाफ धरत नाही. वापरलेली घ्यायची असेल तर पुढून बॅटरीचा उजेड टाकून मागून तिरके पाहावे. आत काय चालले आहे ते लगेच दिसते.

६. बंदुकीवरची काच खोटी निघाली तर तिची किंमत घेणारा भरत नाही.

माझ्या मावसभावाचे शेत मन्याड नदीच्या बाजूला आहे. रानडुकरांनी भुईमूग उकरला आणि वानरांनी हरभरा खाल्ला त्या वर्षी त्याने स्प्रिंगची एअरगन आणि तिच्यावर बसवायची दुर्बीण मागवली. सांगितले, नुसते हुसकावायला. त्याच्या त्राग्याला मी नाव ठेवत नाही. रात्री जागून राखलेले पीक सकाळी उलथलेले पाहणे सोपे नाही. पण मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि रानडुक्कर किंवा रोही पिकात घुसले तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात उचलता येत नाही. दुसरी काचेची, आणि ती मला शब्दांनी पटवता येईना, म्हणून आम्ही बांधावर पुठ्ठा लावून करून पाहिली.

बंदुकीवरच्या अशा नळीवर दोन चकत्या असतात. एकीने नेम डावी-उजवीकडे सरकतो, दुसरीने वर-खाली. वीस मीटरवरून एक छर्रा मारला. मग चाळीस टिचक्या उजवीकडे फिरवून एक, चाळीस वर फिरवून एक, तितक्याच डावीकडे, आणि शेवटी तितक्याच खाली. म्हणजे पाचवा छर्रा पहिल्याच्या भोकाजवळ जायला हवा. तो दोन बोटे लांब गेला. पुन्हा केले, तर तिसरीकडे गेला. याला कारण आहे. मोठ्या बंदुकीचा झटका एकदाच मागे येतो. स्प्रिंगच्या एअरगनचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो, आणि त्याचा विचार करून न बनवलेली नळी आतून सैल होत जाते. वर आणखी एक दोष होता. गाल बंदुकीवर जरा इकडेतिकडे झाला की आतली फुली लक्ष्यावरून सरकायची. शिकारी रायफलीच्या पुष्कळशा नळ्यांची जुळणी शंभर यार्डांसाठी केलेली असते. वीस मीटरवर त्या अशाच फसवतात. ज्या देशांत शिकार कायद्याने चालते, तिथले जबाबदार शिकारी हंगामाआधी कागदावर गोळ्या मारून नळी तपासून घेतात. कारण माझ्या वाईट दुर्बिणीने वहीत चूक होते. त्यांच्या वाईट दुर्बिणीने पोटात जखम घेऊन जनावर ज्वारीत शिरते आणि तिथे दोन दिवस तडफडते. मावसभावाने तो पुठ्ठा बराच वेळ हातात धरला होता. एअरगन त्याने खुंटीवरून पुन्हा काढली नाही. शेताला झटका-तारेचे कुंपण घातले.

७. काच नसली तरी चालते. फसवी काच चालत नाही.

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले, ४५१.४ गुणांनी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. मी तो सामना वर्गात मुलांसोबत पाहिला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यावर तासभर बोललो. मुलांना वाटत होते की त्याच्या रायफलीवर मोठी दुर्बीण असणार. तशी नसते. डोळ्याजवळच्या चकतीत एक बारीक भोक आणि रायफलीच्या नळीच्या टोकाला एक कडे. गोलात गोल धरायचा आणि मध्ये लक्ष्य. काहीही मोठे होऊन दिसत नाही. पण ते भोक काल जिथे होते तिथेच आज असते, म्हणून त्याच्यावर माणूस वर्षानुवर्षांचा सराव रचू शकतो. आमच्या भोई मामांकडेही दुर्बीण नाही. त्यांना बदकाची उडी, आवाज, पाण्यातली बुडी पाठ आहे. त्यांच्याकडे कमी साधने आहेत आणि मी पाहिलेल्या चुका त्यांच्या खात्यावर जवळजवळ नाहीत. मी आता काठावर पोचलो की पहिली दहा मिनिटे दुर्बीण पिशवीतच ठेवतो.

८. खात्री दुकानातच करता येते, फक्त तेवढा वेळ मागायला लाज वाटू द्यायची नाही.

मला ती फार वाटायची. आता मी दुकानदाराला सरळ सांगतो, दहा मिनिटे लागतील. पहिल्यांदा पुढच्या काचेत दुकानातली ट्यूबलाइट पाहतो. प्रतिबिंब पांढरेफटक असेल तर काचेला लेप नाही. मंद हिरवट-जांभळे असेल तर आहे. लेपाला एवढे महत्त्व का, तर उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फिरतो. दुर्बिणीत अशी दहा-बारा पृष्ठे सहज असतात. दहांचा हिशेब केला तरी एक तृतीयांश उजेड वाटेतच जातो. जर्मनीत झाइसमध्ये १९३५ ला हा लेप शोधला गेला, म्हणून आज आपल्याला पहाट दिसते. मग दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या काचेतले उजेडाचे वर्तुळ पाहतो. ते गोल हवे. कडा कापून चौकटीसारखे झाले असेल तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत. मग बाहेर येऊन आकाशासमोरची एखादी तार किंवा अँटेना पाहतो. कडेला जांभळी किनार किती दिसते? शेवटी विटांची भिंत. कडेच्या विटा वाकतात का, धूसर होतात का? या सगळ्याला पैसे लागत नाहीत. समोर आधीपासून माहीत असलेली वस्तू असली पाहिजे, एवढेच. विटा सरळ आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून काच वाकडी आहे हे कळते. अनोळखी पक्ष्यावर काच तपासता येत नाही. तिथे ती सांगेल ते मी मान्य करून बसतो.

९. महाग घेतले की प्रश्न सुटला, असे मला काही वर्षे वाटत होते. तेही पूर्ण खरे नाही.

चौथी दुर्बीण घेताना दिसायला सरळ नळ्यांची, आटोपशीर, नव्या धाटणीची घ्यायची होती. माझ्या ऐपतीत त्या प्रकारातली जी बसत होती, ती सगळ्या चाचण्यांत मागे पडली. सरळ नळ्यांच्या दुर्बिणीत लोलक फार काटेकोर घडवावे लागतात, त्यावर वेगळे लेप चढवावे लागतात. ते स्वस्तात होत नाही. तिच्या शेजारी ठेवलेली जुन्या धाटणीची, खांदे बाहेर आलेली, थोडी बोजड दुर्बीण त्याहून कमी पैशांत तिच्यापेक्षा उजळ दाखवत होती. तिच्या लोलकांची रचना इटलीच्या पोर्रोने १८५४ ला पेटंट घेतलेली, अजून त्याच्याच नावाने चालते. ती घेतली. शाळेच्या निधीतून मुलांसाठी नंतर दोन घेतल्या त्याही तशाच, ८×४० च्या. मुलांच्या हातात त्या गळ्यात पट्टा अडकवल्याशिवाय देत नाही, हा आमचा नियम. पडलेली दुर्बीण बाहेरून धड दिसते आणि आतून गेलेली असते.

१०. नोंद लिहिणारा मी असतो. काचेकडे बोट दाखवून ती खरी होत नाही.

१९३१-३२ मध्ये पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा हा आमचा मुलूख निजामाच्याच राज्यात होता. त्या काळी पक्षी ओळखायचा म्हणजे तो बंदुकीने टिपून हातात घ्यायचा, चोच मोजायची, पिसे पाहायची. त्यांच्या आयुष्याची सुरुवातही लहानपणी एअरगनने पाडलेल्या पीतकंठी चिमणीपासून झाली. ती ओळखून घ्यायला ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. आज आपण पक्षी पाण्यावर राहू देतो आणि लांबून त्याच्याबद्दल बोलतो. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. पण त्यामुळे हातातला पुरावा गेला आणि त्याची जागा काचेने आणि बघणाऱ्याच्या शब्दाने घेतली. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात मुले माझ्याकडे आकडे आणून देतात. त्यांनी दिलेला प्रत्येक आकडा कुणीतरी पुढे खरा मानणार आहे.

म्हणून त्या चाळीस लालसरींची चूक मी तशीच सोडली नाही. गणना करणाऱ्यांना पत्र लिहून नोंद दुरुस्त करून घेतली आणि कारण काय झाले तेही लिहिले. तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक नोंदीसमोर तीन रकाने जास्त आहेत: कोणती दुर्बीण, उजेड कसा, अंतर किती. चौथा मुलांनी सुचवला, 'आणखी कुणी पाहिले?' त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा भोई मामा आहेत.

माळेगावची दुर्बीण मी टाकलेली नाही. ती शाळेत विज्ञानाच्या कपाटात आहे. दर वर्षी नवी मुले आली की मी खिडकीत जास्वंदीचे फूल ठेवतो आणि त्यांना आधी नुसत्या डोळ्यांनी पाहायला सांगतो, मग तिच्यातून. फुलाचा रंग कोणता, ते प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचे असते.